झोंबण्याचे प्राथमिक धडे

(गूळ घातलेल्या आमटीवर वाढलेल्या, परंतु सासुरवाडी कोल्हापूरकडे असलेल्या नवशिक्यांसाठी)

ही पुस्तिका कोणासाठी

तव्यातच रगडलेला हिरव्या मिरचीचा खर्डा ज्यांनी आजवर फक्त लांबून पाहिला आहे, अशा सज्ञान व्यक्तींसाठी ही पुस्तिका आहे. पूर्वानुभवाची अट नाही. एक तोंड, एक नाक, दोन डोळे आणि दोन हात एवढं साहित्य लागतं, आणि ते बहुतेकांकडे घरचंच असतं.

लेखकाचा अधिकार विचाराल तर तो असा. मी मूळचा रत्नागिरीचा. आमच्याकडे आमटी तिखट झाली की आई गूळ घालते, आणि नाही झाली तरी घालते. सासुरवाडी मात्र कागलजवळची. लग्नानंतरच्या पहिल्या अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला गेलो, तेव्हा ताटात डावीकडे हिरवट-काळसर असं काहीतरी वाढलेलं होतं. चटणी समजून मी त्यातला बोराएवढा गोळा उचलला. समोर बसलेले सासरे, ज्यांना मी मामा म्हणतो, फक्त एवढंच म्हणाले, "खावा की पाव्हणं, लाजू नगासा." त्यापुढची पाच मिनिटं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतात. शेवटी डोळ्यांतल्या पाण्याआडून मामांच्या मिशा दिसल्या आणि प्रश्न ऐकू आला, "काय पाव्हणं, झोंबला का?"

त्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायला मला 15 वर्षं लागली. ते आता क्रमाने देतो.

पायरी पहिली : चव म्हणू नका

नवशिक्याची पहिली चूक भाषेची असते. "चवीला फार तिखट आहे हो," असं तो म्हणतो. तिखट ही चव नव्हे. आपल्या षड्रसांच्या यादीत ते 'कटु' या नावाने मानाने बसलंय, हे मान्य. (त्या यादीशी मराठीने एक खोडीही करून ठेवली आहे. संस्कृतातला कटु म्हणजे तिखट. तोच शब्द झिजत झिजत आपल्याकडे आला आणि कारल्याला चिकटून कडू झाला.) पण जिभेवरच्या रुचिकलिकांना विचारलंत तर त्यांच्या दप्तरी गोड, आंबट, खारट, कडू आणि रश्शात उतरणारी ती मांसल पाचवी चव एवढीच खाती आहेत. मिरचीचा अर्ज त्यांच्या टेबलावर येतच नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर साखर कोपराला चोळून बघा. कोपराला ती गोड लागणार नाही. मिरची मात्र कोपरावरच्या साध्या ओरखड्याला लागली तरी झोंबते. जी गोष्ट कोपराला कळते ती चव कशी असेल?

मिरचीचा अर्ज जातो तो दुसऱ्याच खात्याकडे. आपल्या त्वचेत आणि तोंड-नाक-डोळ्यांच्या ओल्या अस्तरात मज्जातंतूंची टोकं येऊन संपतात. त्यातल्या काही टोकांना डोक्यावर छप्पर असतं, म्हणजे ती पेशींच्या कोशात गुंडाळलेली असतात. स्पर्श, दाब, थरथर ही कामं त्यांच्याकडे. बाकीची टोकं उघडी. झाडाची मुळं मातीत शिरावीत तशी ती बारीक बारीक फांद्या फोडत वरच्या जिवंत थरांपर्यंत चढतात आणि तिथे नुसतीच बसून राहतात. वेदना, खाज आणि ऊन-गार ही त्यांची खाती. संख्येने ही उघडी मंडळीच जास्त.

या उघड्या टोकांपैकी काहींच्या अंगावर एका प्रथिनाची दारं असतात. तापमान साधारण 43 अंश सेल्सियसच्या वर गेलं की दार उघडतं, आत विद्युतभारित कण शिरतात आणि मेंदूकडे निरोप जातो : पोळतंय. हे दार सापडलं ते तापमानाचा शोध घेताना नव्हे, मिरचीचा घेताना. अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत मिरचीतला जहाल अंश, कॅप्सेसिन, नेमका कशाला जाऊन चिकटतो हे शोधणं चालू होतं. 1997 साली त्यांना ते प्रथिन सापडलं आणि कळलं की हेच दार उष्णतेनेही उघडतं. पुढे त्याचं नाव टीआरपीव्ही-1 पडलं आणि 2021 चं नोबेल पारितोषिक ज्युलियस यांना, स्पर्शाची दारं शोधणाऱ्या आर्डेम पॅटापुटियन यांच्याबरोबर, मिळालं. कोल्हापूरकडे ही बातमी फारशी नवलाची वाटली नाही. मिरची म्हणजे आग, हे सांगायला नोबेल कशाला, असं मामांचं मत पडलं.

पण खरी गोम इथेच आहे. त्या बिचाऱ्या टोकाला एकच वाक्य बोलता येतं : "आग लागली!" दार निखाऱ्याने उघडलं की मिरचीने, हे त्याला कळायला मार्ग नाही. खोटं ते बोलत नाही. त्याच्याकडे दुसरं वाक्यच नाही. नवशिक्याने एवढं ध्यानात ठेवलं तरी अर्धा अभ्यास झाला.

पायरी दुसरी : हत्यारं आणि मिरच्या

खर्डा मिक्सरमधून काढू नये. तव्यावर तेलाच्या थेंबात मिरच्या आणि लसूण भाजतात, मीठ घालतात, कुणी शेंगदाणे घालतात, आणि तिथेच तांब्याच्या बुडाने रगडतात. रगडताना मिरचीला हात लागत नाही, तरी शेंगदाणा कितपत फुटला हे हाताला बरोबर कळतं. हे कसं, तर तळहाताच्या त्वचेखाली, खोलवर, कांद्यासारखे पापुद्रे असलेली इवलीशी बोंडं असतात. सुमारे मिलिमीटरभर लांब. नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. 1831 साली शवविच्छेदन करताना ती फिलिपो पाचिनी नावाच्या इटलीतल्या तरुण विद्यार्थ्याच्या नजरेत भरली. धातूतून येणारी बारीकशी थरथरसुद्धा ही बोंडं टिपतात, म्हणून तर तांब्याचं बूड हे आपल्याच बोटाचं टोक असल्यासारखं वाटतं. (याच पाचिनीने 1854 मध्ये पटकीचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहून लिहूनही ठेवला होता. तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. काही माणसांचं नशीबच असं, की नाव राहतं ते बोंडाला.)

मिरच्या भाजताना खिडकी उघडा. न उघडल्यास खकाणा उठतो आणि घरातली यच्चयावत माणसं, शेजारच्यांसह, खोकू लागतात. मिरचीचा अंश धुराबरोबर घशात उतरतो, तिथल्या टोकांनी तो आग म्हणूनच नोंदवला की आत काही शिरू नये म्हणून खोकला उसळतो. यालाच ठसका म्हणतात. ठसका लागलेल्याला "वर बघ, वर बघ" म्हणायचं असतं. त्याने काय होतं मला माहीत नाही, पण न म्हणणं कठोरपणाचं दिसतं. मामी अशा वेळी पाठीवरून हात फिरवतात, त्याला मात्र शास्त्राचा आधार आहे. केस असलेल्या त्वचेत काही मंद तंतू असे आहेत की ते फक्त हळुवार हाताला साद देतात. सेकंदाला 1 ते 10 सेंटिमीटर एवढ्या संथ गतीने फिरणाऱ्या. मामींची गती मी मोजलेली नाही, पण ती त्यातच बसत असणार.

मिरचीत झोंबणारा भाग कुठे असतो? बियांत, असं सगळे सांगतात. तसं नाही. बिया ज्याला धरून बसलेल्या असतात तो पांढरट गाभा आणि शिरा हे खरं कोठार. बियांना ते नुसतं लागलेलं असतं. जहालपणा मोजायची पट्टी 1912 साली अमेरिकेत विल्बर स्कोव्हिल यांनी काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात इतका पातळ करत जायचा की चाखणाऱ्यांना झोंबेनासा व्हावा; जितक्या पटीने पातळ करावा लागला तो तिचा आकडा. म्हणजे ही जगप्रसिद्ध पट्टी शेवटी काही माणसांच्या जिभांवर टेकलेली होती. आसाम-नागालँडकडच्या भूत जोलोकियाने 2007 साली त्यावर 10 लाखांचा आकडा ओलांडून गिनेस पुस्तकात नाव लावलं. नवशिक्याने तिकडे वळूनही बघू नये. लवंगी मिरची पुष्कळ झाली. ब्याडगी घेऊन वेळ मारून नेता येते, रंग मिळतो. पण सासुरवाडीत ते पकडलं जातं.

पोपटाला मात्र यातलं काहीच लागू नाही. पक्ष्यांच्या अंगावरही ते दार आहे, उष्णतेने ते उघडतंही, पण मिरचीची किल्ली त्याला बसत नाही. म्हणून पोपट मिरची आरामात खातो, बिया दूरवर टाकतो आणि झाडाचा वंश चालतो. मिरचीने केलेली ही सगळी तजवीज दातांनी बिया भरडणाऱ्या सस्तन प्राण्यांना हाकलण्यासाठी होती असं दिसतं. त्यातला एक प्राणी 16व्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजातून ती घेऊन गोव्यात उतरेल आणि पुढे तिच्यासाठी तव्यावर तांब्या रगडत बसेल, हे तिच्या हिशेबात नव्हतं.

मिरच्या चिरून झाल्यावर हात फसवतात. बोटांच्या टोकांवर निबर कातड्याचा जाड थर आहे. टोकं त्याच्या पलीकडे बसलेली. त्यामुळे कॅप्सेसिन बोटाला चिकटून असतं आणि बोट म्हणतं, कुठे काय. मग तुम्ही डोळा चोळता. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात या उघड्या टोकांची दाटी त्वचेच्या कित्येकशे पट आहे, वर निबर थर नाही, आणि ती जवळजवळ पृष्ठभागापर्यंत आलेली असतात. पुढचं वर्णन अनावश्यक आहे. हात नुसत्या पाण्याने धुतल्याने काही होत नाही. आधी तेल चोळा, मग साबण. आणि डोळ्यात गेलंच तर घरगुती विद्या न चालवता भरपूर स्वच्छ पाणी मारत राहा.

पायरी तिसरी : पहिला घास

घास घेतल्यावर लगेच काही होत नाही. नवशिक्या इथेच फसतो आणि "छान आहे की!" असं म्हणून दुसरा घेतो. मिरचीचा अंश जिभेच्या अस्तरातून आत झिरपून टोकांपर्यंत पोचायला थोडा अवधी लागतो. त्या अवधीत कोणतीही विधानं करू नयेत.

मग सुरू होतं. क्रम साधारण असा : जीभ, ओठ, टाळू, पाठोपाठ नाक गळू लागतं, डोळे भरतात, कपाळावर आणि केसांच्या मुळाशी घाम. खाल्लं तोंडाने आणि रडतायत डोळे, हे कसं? चेहऱ्याची सगळी खबर एकाच मज्जातंतूतून मेंदूकडे जाते. मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी हा पाचवा, तीन फाट्यांचा. एक फाटा कपाळ आणि डोळ्यांकडे, दुसरा नाक आणि वरच्या जबड्याकडे, तिसरा खालच्या जबड्याकडे आणि जिभेकडे. तिसऱ्या फाट्यावर बोंब झाली की मेंदू सगळ्या वाड्याचे पंप सुरू करतो : डोळे धुवा, नाक धुवा, लाळ सोडा. शिवाय त्याला वाटतं खरंच तापलंय, म्हणून घाम. मेंदू अशा बाबतीत फार भोळा आहे.

यावेळी तोंडातून जो 'स्स् हा' असा आवाज निघतो तो निघू द्यावा. आत ओढलेल्या हवेने अस्तर गार होतं आणि दार थोडं मिटतं. गरम चहा मात्र चुकूनही घेऊ नये. कॅप्सेसिन बसलेलं दार 43 अंशांची वाट पाहत नाही. त्याचा उंबरठा इतका खाली येतो की अंगाची नेहमीची ऊबसुद्धा चटका वाटते. त्यात चहा म्हणजे आगीत तेल.

तेल ओतायचं असेल तर तोंडात ओता, कारण खरा उतारा तोच आहे. पहिल्या दिवशी मी दोन तांबे पाणी रिचवलं. मामा शांतपणे म्हणत होते, "पानी नगा पिऊ, आनी वाढतंय." ते बरोबर होतं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. पाणी ते फक्त जिभेवरून घशाकडे सारवतं. गार पाण्याने बरं वाटतं ते पाणी तोंडात असेपर्यंतच. दूध, दही, लोणी, तूप, ओला नारळ यांपैकी काहीही चालेल. दुधातली स्निग्धता ते विरघळवते आणि त्यातलं केसिन नावाचं प्रथिन उरलंसुरलं धरून नेतं. साखरेनेही हलकं होतं. आईच्या गुळाला एवढ्या वर्षांनी शास्त्राचं पाठबळ मिळाल्याचं मी तिला फोन करून कळवलं. ती म्हणाली, मग, सांगत काय होते! तांबड्या रश्श्याशेजारी नारळाच्या दुधाचा पांढरा रस्सा ज्याने पहिल्यांदा ठेवला, त्याला हे सगळं अनुभवाने कळलेलं असणार. आमच्या कोकणात सोलकढी आहे, पण विझवायला आग नाही. अग्निशामक दल सज्ज आणि गावात चूल पेटलेली नाही, अशातली गत.

शब्दसंग्रह

कुठलीही विद्या शिकायची तर आधी तिची भाषा यावी लागते, आणि इथे मराठी माणूस श्रीमंत आहे. डॉक्टर विचारतात, दुखतंय का? दुखतंय हे काही उत्तर झालं? मिरची झोंबते. जखमेवर आयोडीन चुरचुरतं. घसा खवखवतो. गळू ठसठसतं, दाढ ठणकते, गार पाण्याने दात शिवशिवतात आणि कैरीने आंबतात. खडा रुततो, काटा बोचतो, सुई टोचते, केसाळ कुसळ खुपतं. सालपट गेलं की नवी कातडी हुळहुळते. छातीत जळजळतं, तळव्यांची आग होते, पाठीतून सणक जाते, पायाला मुंग्या येतात, अंगावर शिरशिरी येते. आणि या सगळ्याच्या पलीकडे कळ, जी मस्तकात जाते.

यातला प्रत्येक शब्द वेगळ्या टोकांच्या वेगळ्या बोलण्याची नोंद आहे. मोहरी किंवा जपानी वसाबी खाल्ली तर ती जिभेपेक्षा नाकात चढते, कारण तिचा अंश उडून जाणारा, आणि तिचं दारही निराळं. पुदिन्यातला मेंथॉल गार दाराची किल्ली. म्हणून पेपरमिंट तोंडात असताना साधं पाणी बर्फाचं वाटतं. अमृतांजन, जे 1893 साली मुंबईत निघालं, कपाळाला लावलं की गार वाटतं आणि चुरचुरतंही. आणि आमचं तिरफळ! बांगड्याच्या तिखल्यात पडणारं तिरफळ चावलं तर झोंबत नाही, ओठ थरथरल्यासारखे होतात. त्याच्या भावकीतल्या चिनी मिरीवर लंडनच्या संशोधकांनी 2013 मध्ये एक मजेशीर प्रयोग प्रसिद्ध केला. ओठांना मिरी लावायची, बोटाला मोजून थरथर द्यायची आणि विचारायचं, दोन्ही सारखं वाटतं का? जमलं ते सेकंदाला सुमारे 50 कंपनांपाशी. ओठ प्रत्यक्षात स्थिर. थरथर फक्त तंतूंमध्ये. या संवेदनेला मराठीत नेमका शब्द नाही याची मला कोकणी माणूस म्हणून खंत आहे.

स्वाध्याय

1. केसांचा आकडा घ्या आणि त्याची दोन टोकं तीनेक मिलिमीटर अंतरावर आणा. दुसऱ्याला डोळे मिटायला सांगून बोटाच्या टोकाला टेकवा. त्याला दोन टोकं कळतील. मग पाठीवर टेकवा. एकच म्हणेल. पाठीवर दोनाचे दोन कळायला अंतर 4 सेंटिमीटरच्या आसपास न्यावं लागतं. हा खेळ जर्मनीत एर्न्स्ट वेबर यांनी कंपास घेऊन केला आणि 1834 साली त्यावर पुस्तक लिहिलं. पाठीला नेमकी कुठे खाज सुटली हे दुसऱ्याला सांगताना "जरा वर, जरा डावीकडे, नाही नाही खाली" असं का होतं, ते यावरून समजावं.

2. डोक्यावर चष्मा ढकलून ठेवा आणि पाच मिनिटांनी घरभर शोधा. स्पर्शाच्या टोकांना चालू असलेल्या गोष्टीत रस नसतो, बदललेल्या गोष्टीत असतो. सदरा अंगात घालताना कळतो, नंतर कळत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण ज्याने केली त्याच्या काखेतली टोकं अगदी नेमून दिल्याप्रमाणे वागत होती.

3. हा मुद्दाम करू नये, आपोआप होतो. अंधारात पायाची करंगळी खाटेच्या पायावर आपटली की आधी 'टण्' असं काहीतरी स्वच्छ कळतं. मग एक निवांत क्षण येतो. आपल्याला माहीत असतं की ती येतेय. आणि मग कळ येते. पहिली बातमी आणणारे तंतू वेष्टणाचे, सेकंदाला 5 ते 30 मीटर धावणारे. दुसरी आणणारे उघडे, सेकंदाला मीटरभर, म्हणजे जेवण झाल्यावर शतपावली घालणाऱ्या माणसाच्या चालीने. पायापासून पाठीच्या कण्यापर्यंत मीटरभर लांब तंतू. तो मधला निवांत क्षण म्हणजे त्या शतपावलीचा वेळ.

तिसऱ्या स्वाध्यायातली तंतूंची लांबी लक्षात ठेवा. परिशिष्टात लागेल.

शंका-समाधान

सवय होते का? होते. दार वारंवार उघडत राहिलं की टोक बोलेनासं होतं. हंगेरीत, जिथे पाप्रिका मिरचीचं कोल्हापूरसारखंच प्रस्थ आहे, मिक्लोश यान्चो यांनी 1940 च्या दशकात हे दाखवून दिलं : पुरेसं कॅप्सेसिन दिलेल्या प्राण्याला नंतर इतर झोंबणाऱ्या गोष्टीही झोंबेनात. पण सवय झाली म्हणजे आवड लागली असं नाही, आणि आवड का लागते हे कोडं जास्त मजेचं आहे. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी मेक्सिकोतल्या एका खेड्यात पाहिलं, की रोज मिरची घातलेलं उष्टं खाणाऱ्या तिथल्या कुत्र्या-डुकरांनाही निवड दिली तर ती बिनमिरचीचंच उचलतात. आग लागल्याची हाक ऐकूनही आग नाही हे ओळखण्यात मौज वाटणारा प्राणी आपणच. उंच पाळण्यात बसून किंचाळणं याच जातीचं. मामांसारखी माणसं मात्र या मौजेला पौरुषाचा दाखला समजतात, तिथे माझा मतभेद आहे. मी तो ताटावर बसून व्यक्त करत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काय होतं? पचनमार्गाच्या शेवटच्या टोकालाही तीच दारं आहेत आणि सगळं कॅप्सेसिन वाटेत पचतं असं नाही. यापेक्षा अधिक खुलासा या पुस्तिकेच्या मर्यादेबाहेर आहे.

परिशिष्ट : पाय

मूळ आराखड्यात हे परिशिष्ट नव्हतं. गेल्या पावसाळ्यात मामा एसटीने आमच्याकडे पुण्याला आले. दारात उभे राहिले तेव्हा उजव्या पायात चप्पल होती, डाव्या पायात नव्हती. पाय ओला, चिखलाचा, टाचेला काचेचा तुकडा लागून रक्त आलेलं. मी विचारलं, मामा, चप्पल कुठाय? "असंल की पायातच," म्हणाले, आणि मग खाली बघितलं.

गोडाचा आजार त्यांना 20 वर्षं आहे. साखर रक्तात बरीच वर्षं चढी राहिली की मज्जातंतू झिजतात, आणि आधी झिजतात ते सगळ्यात लांब असलेले, म्हणजे पायाच्या बोटांचे. बधिरपणा मग मोजा चढवल्यासारखा वर वर येतो. तोंडाचे तंतू आखूड. त्यांचा नंबर बहुधा लागतच नाही. त्यामुळे जीभ मोहरीएवढ्या खर्ड्याने आग आग करते आणि पाय काचेवर पडला तरी हूं की चूं नाही. गंमत, म्हणजे गंमत नव्हे, अशी की हेच पाय रात्री पेटतात. बाहेरची खबर आणणं थांबलेले तंतू आतल्या आत स्वतःच बोंब मारत राहतात. मामा पांघरुणातून पाय बाहेर काढून झोपतात.

तपासणी अशी होते, नवशिक्यांनी नोंद घ्यावी. डॉक्टरांकडे एका दांडीला लावलेला नायलॉनचा तंतू असतो. तो त्वचेवर टेकवून दाबला की बरोबर 10 ग्रॅम जोराला वाकतो. तेवढा दाब कळला तर पाय राखणदारीला आहेत. नाही कळला तर तुम्हीच पायांची राखण करायची. डॉक्टर म्हणाले, "काका, डोळे मिटा. टेकवलं की हां म्हणा." मामांनी डोळे मिटले. "हां," म्हणाले. जरा वेळाने पुन्हा, "हां." मग "हां." अगदी तालात. माणूस तालमीतला, हरणं ठाऊक नाही.

"काका," डॉक्टर म्हणाले, "मी अजून टेकवलंच नाही."

मामांनी डोळे उघडले नाहीत. बाहेर आल्यावर मला म्हणाले, त्या दोऱ्यात काय दम नाही.

नियम पुढीलप्रमाणे देण्यात आले : अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा. चप्पल घालण्याआधी आत हात घालून बघायचं. शेकायला गरम पाण्याची पिशवी नाही. रोज रात्री तळवा आरशात बघायचा, कारण तो आता स्वतःहून काही सांगणार नाही. आणि रात्रीच्या आगीसाठी एक मलम, जखम भरल्यावर, अखंड कातडीवरच लावायचं. मी नळीवरची बारीक अक्षरं वाचली : कॅप्सेसिन. मिरची. बोंब मारणाऱ्या टोकांना मिरचीनेच दमवून गप्प करायचं; यान्चोंच्या प्रयोगातलंच हे तत्त्व. मामींना फोनवर सांगितलं तर पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग म्हणाल्या, पायाला खर्डा?

मामांना कमरेतून वाकता येत नाही, म्हणून मलम मी लावतो. पहिल्या रात्री त्यांनी पाय आखडून घेतले. "जावयाच्या हातनं पाय चोळून घ्यायचं म्हंजे पाप लागतंय मला." लग्नात याच माणसाने मला पाटावर बसवून, सगळ्या मांडवादेखत, माझे पाय धुतले होते, मामी पाणी घालत होत्या आणि मी अवघडून पायाची बोटं आखडत होतो. त्याची आठवण दिली तर म्हणाले, ते येगळं. मग टीव्हीकडे तोंड करून बसले आणि पाय माझ्या मांडीवर राहू दिला.

हातमोजे घालून लावायचं असतं. घोट्यापासून बोटांपर्यंत, पातळ थर, बोटांच्या बेचक्यात नाही. मी विचारतो, लागतंय का? बातम्या चालू असतात. "लाव की," म्हणतात. म्हणजे कळत नाही.

चौथ्या रात्री मोजे संपले होते. एवढंसं तर लावायचंय, म्हणून उघड्या बोटांनी लावलं, साबणाने हात धुतले, तेल लावायचं विसरलो आणि दिवा मालवून आडवा झालो. पापणीचा केस टोचल्यासारखा वाटला म्हणून सहज चोळला. न्हाणीघरात नळाखाली डोळा धरून उभा होतो, 'स्स् हा' करत. बाहेरच्या खोलीत अंधारात खाट करकरली.

"काय पाव्हणं," आवाज आला, "झोंबला का?"